विषय क्रमांक नऊ

"यंदा काय देत्यात गं, इंदे? लागला का सुगावा?"

कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाण्याचा हबका मारत पारूनं विचारलं. मंगळवारचा बाजार होता. ऊन डोक्यावर आलं होतं आणि जांभुळपेठेच्या प्रत्येक पालाखाली त्या दिवशी हाच प्रश्न फिरत होता. आमच्या बाजारकरी पतसंस्थेची वार्षिक सभा पंधरा दिवसांवर आली होती, आणि सभा म्हटली की भेटवस्तू. लाभांश किती टक्के मिळाला ते कुणाला आठवायचं नाही. पण कुठल्या साली कुठलं भांडं मिळालं, हे सगळ्या पेठेला तोंडपाठ.

"तांब्या झाला," पलीकडून हलीमाभाभी बोटं मोजत म्हणाली. ती सुकी मासळी विकायची. "पेल्यांचा सेट झाला, जग झाला, मागल्या साली थर्मास झाला. आता राहिलं काय? हंडा?"

"हंडा दिला तर आपला अध्यक्ष रघुशेठ आधी त्यात बसून बघंल, आपण मावतो का," पारू म्हणाली.

मी एका नव्या नवरीचा हात हातात घेऊन बसले होते. आम्ही कासार. काच भरताना पोरीचं लक्ष हातावरून उडवावं लागतं, म्हणून मी ओवी धरायची. सासूनं मला दोनच गोष्टी दिल्या, बांगड्यांची पेटी आणि ओव्या. पेटी रिकामी व्हायची, ओव्या कधी झाल्या नाहीत.

*हात सैल सोड बाई, काच हिरवी कोवळी,*
*सासरच्या उन्हामंदी माहेराची गं सावली.*

'सावली'वर पोर हसली आणि शेवटची बांगडी सुळकन आत गेली. तेवढ्यात पिग्मीवाला दिगूअण्णा आला. खांद्याला पिशवी, कानावर पेन, वय साठीच्या पुढं. दर मंगळवारी प्रत्येक पालापुढं थांबून पाच-दहा रुपये संस्थेत जमा करून घेणं हे त्याचं काम. पण त्या वहीबरोबर तो अख्ख्या पेठेच्या बातम्याही गोळा करायचा. कुणाचा ताप उतरला, कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोरीला बघायला कुठले पाहुणे आले, सगळं त्याच्या पिशवीत.

"नमुना आलाय," तो इकडंतिकडं बघत म्हणाला आणि त्यानं पिशवीतून ती वस्तू काढली.

चकचकीत स्टीलची बाटली. अंगावर संस्थेचं नाव कोरलेलं.

"पाण्याची बाटली! एक लिटर. सकाळी भरा, संध्याकाळपर्यंत गार राहतंय."

आम्ही तिघी बाटलीकडं बघत राहिलो. मग पारूला हसू फुटलं, तिचं बघून हलीमाभाभीला, मग मला. दिगूअण्णा बिचारा एकेकीचं तोंड बघत राहिला. "यात हसण्यासारखं काय हाय?" म्हणून बाटली पिशवीत कोंबून पुढच्या पालाकडं गेला.

हसता हसता पारूनं कुशीला हात लावला, आणि तो तिथंच राहिला. हसणं थांबलं तरी हात निघेना.

"काय गं?"

"काय न्हाई."

"पारे."

"मुतखडा," ती मेथीच्या पेंढीकडं बघत म्हणाली. "डॉक्टर म्हणला, दिसाला बारा गिलास पाणी प्यायचं. मी म्हणलं, डॉक्टर, मंगळवार सोडून चालंल का? तर म्हणला, मंगळवारी खडा काय सुट्टी घेतो का?"

आता हे सांगायला हवं. पहाटे पाचला आम्ही घरून निघायचो आणि दिवे लागताना परतायचो. पूर्वी कापसाच्या गोदामामागं घाणेरीचं दाट रान होतं, तिथं बायकांची अडचण भागायची. मग रान गेलं, प्लॉट पडले, प्रत्येक प्लॉटला भिंत आली. पुरुषांना भिंत आली काय आणि गेली काय, उलट त्यांची सोयच झाली. सरकारी स्वच्छतागृह होतं एक, पण त्याचं कुलूप दारापेक्षा जुनं होतं आणि किल्ली कुणाकडं ते कुलपालाही ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही साधा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही. पारू दिवसभर भाजीला पाणी पाजायची, स्वतः मात्र थेंब घ्यायची नाही. आणि आमची संस्था वर्षामागून वर्ष आम्हाला पाणी प्यायची भांडी देत होती.

"दिवाळी झाली की मी बसायची न्हाई बाजारात," पारू म्हणाली. "पोरं म्हणत्यात, माल शेतातच व्यापाऱ्याला घालू. निम्मा भाव मिळंल, पण..."

आणि तिनं पुन्हा जुड्यांवर पाणी मारलं. माझा नवरा गेला तेव्हा पेटीत अर्धा डझन फुटक्या काचा होत्या. संस्थेनं मला माल भरायला कर्ज दिलं ते पारूच्या जामिनावर. कमिटीनं तिला विचारलं होतं, "ही पळून गेली तर?" पारू म्हणाली होती, "तर हिच्या जागी बसून मी बांगड्या भरीन." तिचे ते खुरप्याचे हात बघून कमिटीनं घाबरून सही केली. सतरा वर्षं आमची पालं दोरीला दोरी लावून उभी होती. तिचं पाल निघालं असतं तर माझं पाल कुणाला बांधायचं, हेच मला कळेना.

"बसायचं न्हाई म्हणजे?" मी म्हणाले. "आपली संस्था हाय ना?"

"संस्था काय करणार? बाटली देणार."

---

दुसऱ्या दिवशी मी चिवटे भाऊसाहेबांसमोर उभी राहिले. भाऊसाहेब संस्थेचे सचिव. अंगानं काडी, पण नियमाला लोखंड. स्वतःच्या सख्ख्या भावाचं कर्ज त्यांनी एका राहिलेल्या सहीसाठी तीन महिने अडवलं होतं. पण नियमात बसत असेल तर भिकाऱ्यालाही खुर्चीवरून उठून कागद द्यायचे.

"बोला, इंदुमतीबाई."

"बाजारातल्या बायकांची एक अडचण हाय."

"कर्जाची?"

"न्हाई. सोयीची."

"कसली सोय?"

"हीच... जायची-यायची."

"एस.टी.चा विषय आपल्या कक्षेत येत नाही."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरात, पालात, बायकाबायकांत हा शब्द दिवसातून दहादा यायचा. पण त्या टेबलासमोर तो तोंडातून निघेना. शेवटी मी म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही सकाळपासून या खुर्चीवरून किती वेळा उठला?"

"कशासाठी?"

"त्याच्यासाठीच."

भाऊसाहेबांनी वळून मागच्या खिळ्याकडं पाहिलं. तिथं एक किल्ली टांगलेली होती. ऑफिसातला संडास तिजोरीच्या खोलीपलीकडं होता, त्यामुळं तिकडं बाहेरच्या कुणाला सोडायची सोय नव्हती. भाऊसाहेबांनी किल्लीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा किल्लीकडं. हळूहळू त्यांचेही कान लाल झाले.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"मला सतरा झाली. दुसऱ्यांना जास्त."

त्यांनी दोनदा टाचण्यांच्या डबीची उघडझाप केली. मग त्यांनी कोरा कागद काढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"अर्ज करा. संस्थेच्या उत्तरेकडची मोकळी जागा आपलीच आहे."

"तिथं रघुशेठची गाडी असती."

"गाडी शेठची. जागा संस्थेची. सामाजिक कामाचा निधी पडून आहे, पण तो पुरायचा नाही."

"भेटवस्तू बंद केली तर?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी देवळातला देव हलवायला सांगितला होता.

"तीन वर्षं बंद ठेवावी लागेल," ते हळूच म्हणाले. "इंदुमतीबाई, लोक तुम्हाला पेठेत राहू देणार नाहीत. पण अर्ज मुदतीत आहे, म्हणजे विषय छापावा लागणार. विषय क्रमांक नऊ. सूचक तुम्ही. अनुमोदन द्यायला एक सभासद हवा. आणि सभेनं मंजूर म्हणायला हवं."

"शेठना आधी दाखवायला लागंल का?"

"नोटिशीवर अध्यक्षांची सही लागते, ते सही करतात," भाऊसाहेब म्हणाले. "वाचण्याची अट नाही."

---

सभा मंगल कार्यालयात असायची. पुरुषांना वाटायचं, बायका भेटवस्तूसाठी नटूनथटून येतात. वाटू दे. खरी गोष्ट अशी की मंगल कार्यालयात बायकांसाठी दोन संडास होते, स्वच्छ, आतून कडी असलेले. वर्षातून त्या एका दिवशी आम्ही सगळ्याजणी घराबाहेर पोटभर पाणी प्यायचो, दोन-दोन कप चहा घ्यायचो, आणि सभा सुरू असताना मागं आमची वेगळीच सभा भरायची, त्या दोन दारांपुढच्या रांगेत.

स्टेजच्या कडेला बाटल्यांचे खोके रचलेले होते. सभासद स्टेजकडं तोंड करून बसले होते, पण डोळे सगळ्यांचे खोक्यांकडं. मधोमध रघुशेठ हेंद्रे. मिरचीचे मोठे व्यापारी, मनानं उदार, बोलायला गोड, फक्त कुठलाही कागद दोन ओळींपुढं वाचायचा त्यांना मनापासून कंटाळा. आणि पहिल्या रांगेत, हातात काठी घेऊन, त्यांची आई. बयाक्का. सभासद क्रमांक एक. तीस-बत्तीस वर्षं याच बाजारात मिरची विकून तिनं रघुशेठला वाढवलं होतं, आणि संस्था निघाली तेव्हा पहिला शेअर तिनं कनवटीतून काढून दिला होता.

रघुशेठनं माइक हातात घेतला आणि दरसालची गोष्ट सुरू केली. ती झाल्याशिवाय सभा सुरू व्हायची नाही.

"मंडळी, आज ही आपली आई इतकी शहाणी दिसती," ते आईकडं हात करून म्हणाले, "पण तरुणपणी एवढी वेंधळी, एवढी वेंधळी! मी पोटात होतो. भर बाजार. मिरचीचं पोतं पुढं. आणि आईनं काय करावं? डोक्याएवढी पाण्याची घागर उचलली आणि धबाल! स्वतःच्याच अंगावर! चिंब! सगळा बाजार हसतोय. तेव्हापासून नाव पडलं, वेंधळी बया! म्हणून तर मंडळी, मी जन्मतःच असा थंड डोक्याचा!"

सभा खो-खो हसली. दरसाल हसायची. बयाक्काही हसायची, बोळकं तोंड उघडून, मान हलवत. तिला ऐकू येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. लेकाचं तोंड बघून ती हसते, असं सगळे म्हणायचे.

मग विषय सुरू झाले. त्याचीही रीत होती. भाऊसाहेब विषय वाचायचे, रघुशेठ कागद धरलेला हात वर करायचे, तो हात बघून बयाक्का काठी आपटून ओरडायची, "मंजूर!" आणि तिच्यामागं सगळी सभा, "मंजूर!" बारा वर्षं अशीच चालली होती. ऐकत कुणीच नव्हतं. बयाक्काला ऐकू येत नव्हतं आणि बाकीच्यांचं लक्ष खोक्यांकडं होतं.

"मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

हात. काठी. "मंजूर!"

"वार्षिक अहवाल व ताळेबंद स्वीकारणे."

"मंजूर!"

असे आठ विषय झाले. नवव्याला भाऊसाहेबांनी घसा साफ केला. रघुशेठनं आयुष्यात पहिल्यांदा नोटिशीतली शेवटची ओळ वाचली असावी, कारण त्यांच्या भुवया टोपीला जाऊन टेकल्या.

"हा... हा विषय वेळेअभावी पुढल्या साली घेऊ," ते घाईनं म्हणाले आणि त्यांनी हात वर केला.

आता काठी आपटणार, सगळे ओरडणार, आणि पारूचं पाल निघणार.

पण काठी आपटली नाही. बयाक्का पदराच्या गाठीत काहीतरी शोधत होती. सुपारी असावी. रघुशेठनं हात आणखी उंच केला. हलवला. बयाक्का सुपारीच शोधत राहिली. आणि बयाक्का ओरडल्याशिवाय ओरडायचं कसं, हे सभेला माहीतच नव्हतं.

"तहकुबीला मंजुरी मिळालेली नाही," भाऊसाहेब इतिवृत्तात लिहीत म्हणाले.

"बरं, बरं! आता इंदूबाईंची आभाराची ओवी होऊ द्या, म्हणजे वाटप सुरू करू!" रघुशेठनं माइक माझ्याकडं सरकवला. तीही रीतच होती. दरसाल मी संस्थेचे आभार मानणारी एक ओवी म्हणायची, आणि ओवीच्या शेवटच्या शब्दाला खोके उघडायचे.

मी माइक धरला. पाठ केलेली ओवी कुठल्या कुठं गेली. जी आली ती तिची ती आली.

*तांब्या दिला, जग दिला, यंदा दिली बाटली,*
*पाण्याची गं आस माझी ओठावरच आटली.*

*पेठ माझी गं मोठी, तिला भिंती चहूंकडं,*
*लेकीबाळींना आडोसा, सांगा शेठ, कुणाकडं?*

पुरुष एकमेकांकडं बघू लागले. कोपऱ्यात हलीमाभाभी पदर तोंडात कोंबून हसत होती. माइक हातात आहे तोवरच बोलायचं, हे मला कळलं होतं, म्हणून मी एका दमात म्हणाले, "संस्थेच्या उत्तरेच्या जागेत बायकांसाठी संडास बांधा. पाण्याची टाकी बसवा. राखायला बाई ठेवा. त्याच्यासाठी तीन वर्षं भेटवस्तू देऊ नका. हा माझा ठराव हाय."

'संडास' शब्द त्या कार्यालयाच्या पत्र्यावर आदळून परत आला. मला वाटलं, आता जमीन दुभंगेल. जमीन तशीच राहिली.

"अनुमोदक?" भाऊसाहेबांनी विचारलं. "नोटिशीप्रमाणं सभासद क्रमांक दोनशे चौदा. पार्वती माळी."

कुणी उठलं नाही.

"पार्वती माळी!"

मी मागं पाहिलं. पारूची खुर्ची रिकामी.

"कुठं गेल्या?"

"आत गेलीय," हलीमाभाभी म्हणाली.

"आत म्हणजे कुठं?"

"ज्याचा ठराव हाय, तिथंच!"

सभेत असा हशा उठला की खोक्यांची उतरंड हलली. पारूनं डॉक्टरचं ऐकून सकाळपासून बारा गिलास पाणी संपवलं होतं, आणि आमच्यातल्या बाकीच्या सभासद तिच्यामागं रांगेत उभ्या होत्या. हलीमाभाभी उरली, पण शेअर तिच्या नवऱ्याच्या नावावर.

"अनुमोदक नाही, म्हणजे विषयच नाही!" रघुशेठचा जीव भांड्यात पडला. "इंदूबाई, पुढल्या साली बघू हं. द्या तो माइक." आणि मला थांबवायला त्यांनी हात वर केला.

ठण्.

"मंजूर!" बयाक्का ओरडली.

आणि बारा वर्षांच्या सवयीनं, एका सुरात, तीनशे गळ्यांनी, "मंजूर!"

हळूहळू आपण काय मंजूर केलं ते एकेकाच्या डोक्यात उतरत होतं.

"तीन वर्षं भेटवस्तू बंद?" मागून कुणीतरी केविलवाणा ओरडला.

"अनुमोदक, सभासद क्रमांक एक," भाऊसाहेब लिहीत होते. "ठराव एकमताने मंजूर."

"अहो भाऊसाहेब!" रघुशेठ उठून उभे राहिले. "आईला ऐकू येत नाही! तिनं नुसता हात बघितला माझा!"

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "शेठ, सभासदाला ऐकू आलंच पाहिजे अशी अट उपविधीत नाही. तशी अट लावायची असेल, तर गेल्या बारा वर्षांतला एकही ठराव टिकायचा नाही. तुमच्या निवडीचासुद्धा."

रघुशेठ सावकाश खाली बसले. सभेकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. आई प्रसन्नपणे सुपारी चघळत होती.

"आणि माझी गाडी कुठं लावू?" ते दमलेल्या आवाजात म्हणाले.

"भिंतीकडंला लावा, शेठ," हलीमाभाभी म्हणाली. "तुम्हा पुरुषांचं भिंतीकडंला सगळं भागतंय!"

आता मात्र रघुशेठलाच हसू आवरेना. तेवढ्यात मागच्या दारातून पारू पदराला हात पुसत आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आला का गं आपला विषय? कधी उठायचं मी?"

---

बांधकाम पौषात पुरं झालं. निळं दार, आतून कडी, वर टाकी. उद्घाटनाला रघुशेठनं जिल्ह्यातल्या सगळ्या मान्यवरांना पत्रं पाठवली, आणि सगळ्या मान्यवरांना त्या मंगळवारी दुसरी कामं निघाली. शेवटी शेठ स्वतः हार घेऊन आले, पण दारापर्यंत येऊन लाजले. "मी कशी फीत कापू? लोक आयुष्यभर चिडवतील."

"सर बाजूला," म्हणून बयाक्का काठी टेकत पुढं झाली. पारूच्या भाजीच्या विळ्यानं तिनं फीत कापली, दार उघडलं आणि सरळ आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

बाहेर आम्ही पन्नास जण हार-नारळ घेऊन उभे. कुणी कुणाकडं बघेना. कान नको तिकडं जाऊ लागले, तशी हलीमाभाभी आपल्या पालाकडं धावली आणि ठणाणा ओरडायला लागली, "बोंबील घ्या, सुकट घ्या! ताजी सुकट!" मग पारूनं मेथीचा भाव लावला, मी बांगड्यांचा. सगळा बाजार घसा फाडून ओरडत होता. बयाक्का बाहेर आली तेव्हाच गप्प झाला.

दुपारी ती माझ्या पालाखाली येऊन बसली. मी जोरात, कानाजवळ जाऊन विचारलं, "आक्का, बांगडी भरू का?"

"वराडू नको," ती म्हणाली. "बांगडी नको. हात दाबून दे जरा. तुझा हात मऊ हाय म्हणत्यात."

मी तिचा हात हातात घेतला. मिरची हाताळून बोटांची कातडी तांबूस, गुळगुळीत झाली होती. दाबता दाबता माझ्या ध्यानात आलं. मी हात थांबवला.

"आक्का. तुम्हाला ऐकू येतंय."

"येतंय की."

"सगळं?"

"बहिरी म्हणलं की लोक म्हातारीसमोर खरं बोलत्यात. सून तर लईच खरं बोलती." ती हसली. "थांबू नको, दाब."

मी दाबत राहिले. समोर निळ्या दारापुढं चार बायका उभ्या होत्या, गप्पा मारत, कुठलीच घाई नसल्यासारख्या.

"त्या दिवशी घागर सांडली न्हवती," बयाक्का म्हणाली.

मला कळेना. "कुठल्या दिवशी?"

"रघू पोटात हुता. आठवा म्हैना. सकाळपास्नं बसलेली, गिऱ्हाईक सुटंना, जायला जागा न्हाई. दुपारी आवरलंच न्हाई मला. बसल्या जागी लुगडं..." तिनं दुसऱ्या हातानं मांडीवरचं लुगडं सारखं केलं. "चारी बाजूंनी माणसं. आता उठले तर सगळ्यांना दिसंल. शेजारी कुंभारणीची भरली घागर हुती. ती उचलली आन् घेतली अंगावर."

बाजार आपल्या आवाजात चालला होता. पारू कुणाशी तरी जुडीवरून भांडत होती.

"समदे हसले. वेंधळी म्हणले. म्हणू दे म्हणलं. वेंधळी चालंल."

मी तिचा हात नुसता धरून बसले. ओवी सुचेना.

"शेठना सांगितलं का हे कधी?"

"न्हाई गं बाई! आन् तूबी सांगू नको." ती काठी घेऊन उठली. "त्याला लई आवडती ती गोष्ट. वर्साला एकदा समद्या लोकांपुढं माझं नाव घेतो. घेऊ दे की."

पुढच्या सभेला भेटवस्तू नव्हती, तरी बायका सगळ्या आल्या. रघुशेठनं माइक घेतला, आईकडं हात केला आणि सुरू झाले, "मंडळी, आज ही आपली आई इतकी शहाणी दिसती, पण तरुणपणी एवढी वेंधळी, एवढी वेंधळी!" घागर आली, धबाल आलं. सभा खो-खो हसली. आणि पहिल्या रांगेत बयाक्का हसली, सगळ्यांच्या वर, बोळकं तोंड उघडून.

हसताना तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. माझ्या शेजारी पारू बसली होती. मी मागल्या सभेत वाटलेल्या स्टीलच्या बाटलीचं झाकण काढलं, बयाक्काला दिसेल अशी उंच धरली आणि गटागटा प्यायले. मग पारूच्या हातात दिली.

आता बयाक्का नाही. बाटलीला दोन पोचे आलेत, वरचं नाव घासून गेलंय. पण अजून दर मंगळवारी ती माझ्या आणि पारूच्या पालामधल्या दोरीला टांगलेली असते, आणि दुपारच्या आत दोनदा भरावी लागते.